राहिलेली चाल

माझ्या वहिनीला कारखान्यात ‘भिंग’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतही असावं. काम तिचं फरश्या निवडण्याचं. भट्टीतून भाजून निघालेल्या फरश्या पट्ट्यावरून सरकत येतात, डोक्यावर पांढरेफटक दिवे, आणि पट्ट्याच्या कडेला हातात मेणखडू घेऊन ही उभी. कोपरा उडालेली बाजूला, टिपका पडलेली बाजूला. उरलेल्यांत रंगाचा जो फरक तुम्हाआम्हाला उजेडात धरूनही दिसायचा नाही, तो हिला चालत्या पट्ट्यावर दिसतो. मधूनच एखादी फरशी उचलून ती बोटाच्या पेराने वाजवते. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर आत तडा आहे, मग ती वरून कितीही देखणी असो. इतकी वर्षं हेच काम केलेल्या बाईला घरी आल्यावर काय करावंसं वाटावं? तर फरश्या जुळवाव्याशा. म्हणजे खेळातल्या. हसायचं तर हसा, मीही पुष्कळ हसले आहे.

मी तिची नणंद. शिवणकाम करते. लांब पँटी आखूड करायच्या, घट्ट झालेल्या कपड्यांना शिवणीतून वाव काढायचा, तुटलेली चेन बदलायची, असली कामं. लहानपणी दादाने माझं नाव ‘ठिणगी’ ठेवलं आणि ते घरात सगळ्यांनी उचललं, कारण राग माझ्या नाकावर असतो. वहिनी याच्या अगदी उलट. तिला चिडलेली मी कधी पाहिली नाही, आणि नेमकी त्याचीच मला चीड यायची. भांडायला गेलं तर समोरून काहीतरी यायला नको का? भिंतीवर चेंडू मारला तर तोसुद्धा परत येतो.

गंमत अशी की तिचं लग्न जमलं ते भांडणातून. दादा भट्टीवर होता. त्याच्या भट्टीतून निघालेला अख्खा घाणा एकदा या नव्या बाईने बाद केला. दादा फरशी हातात घेऊन तरातरा निवडीच्या खोलीत गेला आणि म्हणाला, “यात काय वाईट आहे ते दाखवा.” तिने ती फरशी त्याच्या कानाजवळ धरून वाजवली. “ऐका.” दादा म्हणाला, “मला काहीच ऐकू येत नाही.” ती म्हणाली, “म्हणून तर तुम्ही भट्टीवर आहात.” एवढ्यावर आमचे दादासाहेब गार. घरी येऊन आईला म्हणाला, एक बाई मला बहिरा म्हणाली, तिच्याशी लग्न करावं म्हणतो.

लग्नानंतर थोड्याच काळात आई अंथरुणाला खिळली. एक बाजू गेली. घरात सतत कुणीतरी हवं. मी सासरी, माझ्या दुकानाला टाळं लावून रोज येणं शक्य नव्हतं. मग या दोघांनी उलट्या पाळ्या मागून घेतल्या. दादा दिवसपाळीला, वहिनी रात्रपाळीला. निवडीची पाळी सुटते आणि भट्टीची पाळी लागते यात थोडं अंतर असतं, तेवढं यांचं एकत्र आयुष्य. त्यातही बस, जिना, आईची कूस बदलणं. एकाच्या चपला उंबऱ्यात निघायच्या आणि दुसऱ्याचे बूट चढायचे. नवराबायको कसले, एकाच दुकानाचे दोन पहारेकरी म्हणा.

आणि याच काळात ती डबी घरात महत्त्वाची झाली. दादाने ती लग्नाआधी जुन्या सामानाच्या गाड्यावरून आणली होती. हातात मावेल एवढा राखाडी व्हिडिओ गेम, वर काडेपेटीएवढा पडदा, खाली चार दिशांची चार बटणं आणि एक मोठं. आत एकच खेळ. पडद्यावर चिमुकल्या फरश्यांच्या आडव्याउभ्या रांगा, प्रत्येक फरशीवर चित्र: तारा, चंद्र, मासा, छत्री, थेंब, किल्ली. रंग नाहीच, सगळं करड्यावर काळं. एक लुकलुकणारी चौकट असते, ती बटणांनी फिरवायची आणि शेजारशेजारच्या दोन फरश्यांची अदलाबदल करायची. सारख्या तीन ओळीत आल्या की त्या नाहीशा होतात, वरच्या खाली घसरतात आणि अगदी वरून नव्या पडतात. जुळवण्यासारखं काही उरलं नाही की खेळ संपला. बस, एवढंच. माझ्या मुलाने ती डबी एकदा हातात घेतली आणि म्हणाला, आई, मामी, जग कुठे चाललंय आणि तुम्ही कुठे आहात?

या खेळाला घड्याळ नाही, हे मुख्य. तुम्ही चाल करेपर्यंत तो वाट पाहत राहतो, तासभर म्हणा, दिवसभर म्हणा. त्यावरून या दोघांनी नियम काढला. एका वेळी एकच चाल. कामाला निघण्याआधी बाहेर जाणाऱ्याने आपली चाल करायची आणि डबी दाराजवळच्या फळीवर ठेवून जायचं. सकाळी दादाची चाल, संध्याकाळी वहिनीची. दोघं एकाच पटावर, एकमेकांविरुद्ध नाही, सोबत. डबी कायम वायरीवर असायची, कारण सेलच्या खणात केव्हातरी सेल फुटून हिरवा गंज चढला होता. बंद केली की मांडलेला पट लक्षात ठेवायची अक्कल तिला नव्हती. आमच्याकडे वीज सहसा जात नाही. गेलीच तर डाव मोडला, नवा मांडायचा, त्याचं कुणाला काही वाटत नसे.

चाल झाली की चौकट जिथली तिथे लुकलुकत राहते. त्यावरून दुसऱ्याने कुठे हात मारला ते कळायचं. वहिनी खालच्या रांगांत खेळायची, म्हणजे वरचा सगळा ढीग हलतो आणि एकातून दोन कामं होतात. दादाला असला दम कुठला? वरच्या कोपऱ्यात पहिलं जे दिसेल ते तो जुळवून मोकळा व्हायचा. पण ते दिसण्याआधी चौकट साऱ्या पटभर फिरवायचा. विचार करताना त्याची बोटं स्वस्थ बसायचीच नाहीत, आणि चौकट एक घर हलली की डबी ‘टिक’ करायची. टिक टिक टिक टिक. आई आतून ओरडायची, “अरे, त्या पालीला हाकल कुणीतरी!” तेव्हापासून दादाच्या विचार करण्याला आमच्या घरात ‘पाल चुकचुकली’ म्हणायचे.

आई गेली. मी म्हटलं, आता तरी एका पाळीत या, माणसासारखं एकत्र जेवा. दादा म्हणाला, “मग डाव कसा चालायचा?” मला वाटलं थट्टा करतोय. पण त्यांनी पाळ्या खरंच बदलल्या नाहीत. त्यांना तसंच राहायची सवय झाली होती, आणि ती सवय त्यांना आवडत होती, असं मला आता वाटतं. तेव्हा मी नाक मुरडलं होतं.

दादा कारखान्यातच गेला. सकाळी पाळीला पोचला, कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसला, एक बूट चढवला आणि दुसरा हातातच राहिला. शेजारी बसलेल्याला वाटलं, नाडी सोडवतोय. मला फोन आला तेव्हा मी एका कोटाचं अस्तर उसवत होते. पुढचं मला नीट आठवत नाही, आणि आठवायचंही नाही.

वहिनीचं मात्र सगळं आठवतं, कारण मी तिच्याकडेच बघत होते. डोळ्यांत टिपूस नाही. माणसं आली, तिने त्यांना खुर्च्या दिल्या. कुणी गळ्यात पडून रडलं तर ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची, जणू त्यांचंच माणूस गेलंय. कुणी विचारलं, कसं झालं, तर म्हणायची, “सकाळी गेला तो बरा होता. आल्यावर एका चालीत अर्धा पट साफ करून दाखवतो म्हणाला.” दरवेळी हीच दोन वाक्यं, एका सुरात. आणि माणसं उठून गेली की ती डबी मांडीवर घेऊन दारासमोर जमिनीवर बसायची. भाऊ माझा गेलेला, आणि ही गेम खेळत बसलेली. माझं पित्त खवळलं. मी म्हटलं, “वहिनी, आज तरी.” ती म्हणाली, “हं.” पालथ्या घड्यावर पाणी.

पुढचे महिने असेच गेले. ती कामावर जायची. रात्रपाळी तिने सोडली नाही. सकाळी यायची, तोंड धुवायची, काहीतरी खायची आणि डबीसमोर बसायची. झोप लागली तर तिथेच. कारखान्यात तिच्या हातून चूक होत नव्हती, हे मला तिथल्यांकडून कळलं. उलट, म्हणाले, बोलत नसल्यामुळे काम जास्तच निघतं. मी जायचे तेव्हा ती माझ्याशी नीट बोलायची. मुलगा कसा आहे, मशीन दुरुस्त झालं का, गुडघा दुखतो का. सगळं बरोबर विचारायची आणि उत्तर ऐकायची नाही. दादाचे कपडे खुंटीवर होते तसेच. दाराजवळ त्याचं बूट घालायचं स्टूल होतं, त्यावर ती बसत नव्हती, मलाही बसू देत नव्हती. “ते डुगडुगतं,” म्हणायची. ते डुगडुगत नव्हतं. दादाने स्वतः केलेलं होतं, हत्तीनेही बसावं असं.

मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. समोरच्या दारातली शेजारीण जिन्यात मला गाठून म्हणाली, “तुमच्या वहिनीबाई अजून खेळतातच हो.” मी तिला म्हटलं, “तुमच्या घरी नाही ना खेळायला येत?” बोलले खरी, पण घरी येऊन मलाही तेच वाटत राहिलं. आपलेच दात, आपलेच ओठ. माझं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. दारातून जे दिसत होतं त्यावरून कुणालाही तसंच वाटलं असतं.

मग इमारतीची वायरिंग बदलायला काढली. जुनी वायर जळकी झाली होती, एका जिन्यात ठिणग्याही उडाल्या होत्या, म्हणून सगळ्या घरांचे मेन स्विच काढून नवे बसवायचं ठरलं. वायरमन मजल्यामागून मजला करत वर आला आणि वहिनीच्या दाराशी अडकला. ती दार उघडेना. आतून म्हणायची, “आज नको.” वायरमन परत जायचा, पुन्हा यायचा, पुन्हा तेच. शेवटी शेजारणीचा मला फोन आला. त्या एका घरामुळे खालच्या मजल्यांना नवी लाईन जोडता येत नव्हती आणि लोक तापले होते. मी हातातली पँट मशीनवर तशीच टाकून निघाले. बसमध्ये काय काय बोलायचं ते मी ठरवत होते, आणि त्यातलं एकही वाक्य चांगलं नव्हतं.

माझा आवाज ऐकून तिने दार उघडलं. वायरमन जिन्याच्या पायरीवर बसला होता, मांडीवर हत्यारांची पिशवी. साधा, वयस्कर माणूस. मला म्हणाला, “ताई, माझं काम अर्ध्या तासाचं आहे. पण मेन काढल्याशिवाय कसं करू?”

आत वहिनी नेहमीच्या जागी जमिनीवर. डबी फळीवर, वायर भिंतीत. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं आणि त्यात पडदा नीट दिसत नव्हता, म्हणून तिने एका बाजूला पुठ्ठा उभा करून सावली केली होती.

“काय चाललंय हे?” मी म्हटलं. “लोकांनी तुझ्यासाठी अंधारात बसायचं का?”

“थोडे दिवस थांबा म्हण त्यांना.”

“थोड्या दिवसांनी काय होणार आहे?”

दारातून वायरमन म्हणाला, “त्या डबीला शेजारच्या घरातून वायर ओढून देतो हवं तर. पण प्लग काढून तिकडे लावेपर्यंत ती बंद पडणार. तेवढं तर होणारच.” ती म्हणाली, “तेवढंही नको.” मग त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि गपचूप परत पायरीवर जाऊन बसला.

मी डबीकडे गेले. उचलणार, तोच ती म्हणाली, “वायर ओढली जाईल. जपून.” मी पडद्यात डोकावले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. फरश्या जागच्या जागी होत्या. खाली डाव्या कोपऱ्यात चौकट लुकलुकत होती. आणखी काहीच होत नव्हतं.

“खेळ मग,” मी म्हटलं. “संपव एकदाचा डाव.”

“माझी चाल नाही.”

“मग कुणाची आहे?”

“तुझ्या दादाची.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. स्टुलावर बसायची सोय नव्हती, म्हणून मी भिंतीला टेकले. “म्हणजे इतके दिवस तू खेळत नव्हतीस?”

“नाही.”

“मग बघतेस काय, सकाळ-दुपार?”

“चौकट,” ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. आवाज तोच, सपाट. माणूस दुसऱ्याच्या घरची हकिगत सांगतो तसा. “आदल्या संध्याकाळी माझी चाल मी तिथे केली होती. खाली, डावीकडे. छत्र्या जुळवल्या. चौकट अजून तिथेच आहे. ठिणगी, तुझा दादा सकाळी डबी हातात घेऊन बसला होता, आणि त्याने एकही बटण दाबलं नाही.”

“पाल चुकचुकली नाही?”

“नाही. मी मोरीत तोंड धूत होते. नळ बंद केला तर घरात आवाज नाही. मला वाटलं, बरं झालं, आज लवकर आटपलं. बाहेर आले तर तो स्टुलावर, डबी हातात. कपाळ ओलं होतं. मला वाटलं, तोंड धुतलंय. मी म्हटलं, ऊठ की आता, बस चुकेल. राहू दे चाल, आल्यावर खेळ.”

“आणि तो?”

“म्हणाला, आल्यावर दाखवतो, एका चालीत अर्धा पट साफ करतो की नाही बघ. भिंतीला हात लावून उठला. भिंतीला हात लावून उठायची सवय नव्हती त्याला. मी बघितलं ते. आणि दार लावून घेतलं, कारण मला झोप आली होती.”

खाली कुणीतरी जिना चढत होतं. ती ते थांबेपर्यंत थांबली.

“रात्रभर फरश्या वाजवते मी,” ती म्हणाली. “आत तडा असला तर कानाला कळतो. आणि घरात येऊन एवढं विचारलं नाही, बरं वाटत नाहीये का. एवढंच विचारायचं होतं.”

मी म्हटलं, “विचारलं असतंस तरी त्याने थाप मारली असती. लहानपणी भिंतीवरून पडून हात मोडला तर हाताला मुंग्या आल्यात म्हणून सांगितलं आणि डाव्या हाताने जेवत बसला, आईला सूज दिसेपर्यंत. तो कबूल करणारा नव्हताच, वहिनी. तू शंभरदा विचारलं असतंस तरी.”

“असेल,” ती म्हणाली. “पण मी विचारलं नाही.”

माझ्यासारखीचा तोंडाचा पट्टा असा मध्येच तुटावा! मी इतकंच म्हटलं, “मग ही चालू ठेवून काय मिळतं तुला? दुःख उगाळायचं?”

“बंद झाली की चौकट जाईल,” ती म्हणाली. “मग काही दिवसांनी मलाच वाटायला लागेल, कदाचित हलली असेल. मग वाटेल, हललीच होती. तो खेळत होता, मजेत होता, आणि मी आपलं सहज ऊठ म्हणाले. मी ओळखते मला. मी स्वतःला असं समजावून टाकेन. तसं व्हायला नको आहे.”

हे ऐकून मला तिचा राग आला नाही. बरेच दिवस जो राग मी जपून ठेवला होता तो शोधला, पण सापडेना. तिथे नुसती माझ्या भावाची आठवण होती, ओल्या कपाळाची, जी माझी नव्हतीच, तिने आत्ताच दिलेली होती. मला रडू यायला हवं होतं. तेही येत नव्हतं. या घरात आल्यावर बहुतेक सगळ्यांचं असंच होत असावं.

मी म्हटलं, “मला माहीत आहे आता. चौकट कुठे होती ते. तू विसरलीस तर मी आठवण करून देईन. मी काही गोड बोलून समजूत काढणाऱ्यातली नाही, तुला माहीत आहे.”

तिने मान वर केली. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली, पट्ट्यावरच्या फरशीकडे बघावं तशी. मी पास झाले असावे, कारण ती म्हणाली, “मग त्याची चाल तू कर. मला त्याच्यासारखं वाईट खेळता येत नाही.”

मी डबी हातात घेतली. वायरीला चिकटपट्टीचे वेढे होते, बटणांवरची नक्षी पुसून गेलेली. मी बटण दाबलं आणि चौकट खालच्या कोपऱ्यातून हलली. टिक. माझा अंगठा तिथेच थांबला. वहिनीने डोळे मिटून घेतले होते. “फिरव,” ती म्हणाली. “तो सगळीकडे फिरवायचा.” मग मी फिरवली. टिक टिक टिक, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वर, खाली, उगाचच. आई असती तर आतून ओरडली असती.

वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन मासे जुळत होते. शेंबड्या पोरालाही दिसतील असे. दादा तिथेच गेला असता, म्हणून मीही गेले. मासे नाहीसे झाले, वरून तीन फरश्या पडल्या, आणि बस. अर्धा पट साफ होणं राहिलं बाजूला.

वहिनीने डोळे उघडले होते. “अगं, तिथे कशाला!” ती म्हणाली. “खाली तारे बसत होते, ते दिसत नाहीत?” आवाजाला धार होती. मी दचकलेच. तिचा चढलेला आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

“दादा तिथेच खेळला असता.”

“हो,” ती म्हणाली. “गाढव होता.” आणि तिने हात पुढे केला.

डबी घेऊन तिने चौकट न अडखळता खाली नेली आणि तारे जुळवले. वरचा ढीग घसरला, त्यात थेंब जुळले, पुन्हा घसरला, किल्ल्या जुळल्या. चांगली चाल होती. ती तिने पाहिली, डबी फळीवर सरळ ठेवली आणि दाराबाहेर आवाज दिला, “काढा मेन.”

वायरमनने खटका खाली ओढला. पडदा विझला, आतला फ्रिज घुरघुरायचा थांबला. इतका वेळ ते घुरघुरणं ऐकू येत होतं हे मला तेव्हा कळलं. बाहेर पेचकस फिरवल्याचा आवाज यायला लागला. वहिनी उभी होती. मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली. दादाच्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून.

ती उठेना. माझ्या मशीनवर पँट तशीच पडली होती, गिऱ्हाईक येणार होतं. माझ्या सवयीप्रमाणे मी म्हणणार होते, “ऊठ आता, तोंड धू, मी चहा टाकते.” ‘ऊठ’ हा शब्द अगदी ओठावर आला होता. मी तो गिळला. तिच्या समोर वाकले आणि तिच्या कपाळाला हात लावला. कोरडं होतं.

“वहिनी,” मी म्हटलं, “बरं वाटत नाहीये का गं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. नेहमीचं उत्तर द्यायला तिचं तोंड उघडलं, आणि मिटलं.

“नाही,” ती म्हणाली. “नाही वाटत.”

मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले. जरा वेळाने वायरमनने बाहेरून विचारलं, झालं ताई, चालू करू का. मी म्हटलं, थांबा जरा.